सर्व्हर चालू झाला, मग किनारा दोनदा का आला?

आधी या चार ओळी बघा. माझ्या डेटाबेसनं एका साध्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर आहे. प्रश्न होता: होडी कुठे मासेमारी करते, त्या रकान्यात वेगवेगळ्या नोंदी कोणत्या?

खाडी
किनाऱ्याजवळ
खोल समुद्र
किनार्‍याजवळ

दुसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. हवं तर भिंग घेऊन वाचा. काही फरक दिसतो? मलाही दिसला नव्हता. दोन दिवस मी हा डेटाबेसचा दोष समजत होते, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की त्यानं अगदी बरोबर उत्तर दिलंय. चूक माझ्याकडून, सर्व्हर बसवला त्या दिवशीच झाली होती. तेव्हा स्क्रीनवर सगळं हिरवं होतं आणि मी चहा टाकायला गेले होते.

थोडी पार्श्वभूमी देते. माझं काम करंजाच्या मासेमारीवर आहे. करंजा म्हणजे उरण तालुक्यातलं, धरमतर खाडीच्या तोंडाशी असलेलं बंदर. समोर रेवस, पाठीशी द्रोणागिरी. लिलावाच्या जुन्या वह्यांमध्ये होडीचं नाव, मासळी, वजन, भाव, कधी उचल किती घेतली ते असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, लोकांना बोलायला वेळ असतो. त्या दोन महिन्यांत मी आणि माझा मामेभाऊ या वह्या संगणकावर उतरवून घेत होतो. मी लॅपटॉपवर, तो त्याच्या फोनवर. मागे पोस्टग्रेसचा सर्व्हर. ओपन सोर्स, फुकट, जगभर वापरलं जाणारं; आपल्या खिशाला परवडणारं आणि कामाला पुरून उरणारं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका लेखनप्रकाराबद्दल. आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, पाठ्यपुस्तकांचीही कधीमधी होते. ‘डेटाबेस सर्व्हर दहा मिनिटांत बसवा’ या जातीच्या लेखांची समीक्षा कुणी करत नाही. तुमच्यातले निम्मे लोक संशोधनाची पहिली हत्यारं याच लेखांतून उचलणार आहेत. म्हणून मी त्यांच्याकडे लेखन म्हणून बघायचं ठरवलंय. ते काय सांगतात, काय गाळतात, आणि वाचणाऱ्याला कसली सवय लावतात?

सवयीपासून सुरू करू. उबुंटू किंवा डेबियनवर पोस्टग्रेस टाकलं की नव्वद टक्के नवख्यांना (हा माझा अंदाज, अभ्यास नाही) पहिली अडचण येते ती ‘पिअर ऑथेंटिकेशन फेल्ड’. म्हणजे तुम्ही पोस्टग्रेस नावाच्या वापरकर्त्यानं आत जायला बघताय, पण लिनक्समध्ये तुम्ही त्या नावानं लॉगिन नाही. सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, ‘हा दारात उभा आहे तो कोण?’ सिस्टिम सांगते ‘ही तर सुनीता’ (माझं नाव सुनीता नाही, असो), आणि सर्व्हर म्हणतो, मग नाही. बस, एवढंच. उपाय एका ओळीचा आहे: सुडो वापरून पोस्टग्रेस या वापरकर्त्याच्या नावानं पीएसक्यूएल चालवा, आणि आत गेल्यावर स्वतःसाठी वेगळा वापरकर्ता तयार करा.

लेख काय सांगतात? पीजी_एचबीए नावाची फाइल उघडा, ‘पिअर’ खोडा, तिथे ‘ट्रस्ट’ लिहा, सर्व्हर पुन्हा सुरू करा. झालं! खरंच होतं. कारण ‘ट्रस्ट’ म्हणजे दारावरचा माणूस घरी पाठवणं. जो येईल आणि जे नाव सांगेल ते खरं. पुढच्याच परिच्छेदात, दुसऱ्या संगणकावरून जोडता यावं म्हणून, ‘लिसन_ॲड्रेसेस’ला तारांकित करा आणि सगळ्या पत्त्यांना परवानगी द्या असं असतं. हे दोन परिच्छेद सुटे वाचले तर प्रत्येक बरोबर वाटतो. एकत्र केले तर वसतिगृहाच्या वायफायवर बसलेला कुणीही तुमच्या डेटाबेसचा मालक. माझ्या डेटाबेसमध्ये कुणी कुणाकडून किती उचल घेतलीय आणि किती वर्षं फेडतोय ते आहे. ‘हे कुणाला दिसणार नाही’ असा शब्द देऊन मी ते लिहून घेतलंय. तो शब्द मी एका कॉपी-पेस्टमध्ये मोडला असता. मोडला नाही, कारण त्या दिवशी लाईट गेली आणि फाइल सेव्ह व्हायची राहिली. माझ्या हुशारीचा यात काही भाग नाही.

मायएसक्यूएलच्या गोटात वेगळी कथा, तोच स्वभाव. तिथली प्रसिद्ध तक्रार म्हणजे एरर २००२: सॉकेटमधून सर्व्हरला जोडता येत नाही. या संदेशाच्या अगदी शेवटी कंसात एक आकडा असतो. तो बहुतेक लेख छापतात, पण वाचत नाहीत. खरं सोनं तिथेच आहे. लिनक्सवर २ म्हणजे ती सॉकेट फाइलच सापडत नाही: सर्व्हर चालू नाही किंवा फाइल दुसरीकडे आहे. १३ म्हणजे फाइल आहे, पण तुम्हाला परवानगी नाही. १११ म्हणजे दार आहे, आत कुणी ऐकत नाही. तीन वेगळे आजार. मायएसक्यूएलसोबत ‘पीएरर’ नावाचं छोटं साधन येतं, त्याला आकडा दिला की तो अर्थ सांगतो. लेख मात्र तिन्ही आजारांवर एकच काढा देतात: सगळं काढून टाका, व्हार-लिबमधला मायएसक्यूएलचा फोल्डर उडवा, पुन्हा बसवा. त्या फोल्डरातच तुमचा डेटा असतो! पहिल्या दिवशी हा सल्ला निरुपद्रवी आहे, कारण फोल्डर रिकामा असतो. पण तुम्ही तो सल्ला पहिल्या दिवशी शिकता आणि दीड वर्षानं वापरता.

आणखी एक भर. डेबियनच्या ९व्या आवृत्तीपासून तिथे मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी हा मूळ पर्याय म्हणून येतो. दोघं भाऊ आहेत, पण जुळे नाहीत. पासवर्ड कुठे ठेवायचा, रूटला कसं ओळखायचं यात ते बरेच वेगळे झालेत. म्हणजे तुम्ही एकाचा लेख वाचून दुसऱ्यावर शस्त्रक्रिया करत असण्याची शक्यता आहे. आधी आवृत्ती विचारा, मग लेख शोधा. आणि ज्या लेखावर तारीख आणि आवृत्ती नाही तो मिटा.

आता पावसाळ्याकडे येते. करंजात जुलैत लाईट जाणं ही काही बातमी नाही. माझा सर्व्हर जुन्या डेस्कटॉपवर, बॅटरी बॅकअप नाही. एका रात्री लाईट गेली-आली-गेली, आणि सकाळी सर्व्हर उठायला वेळ लावायला लागला. मी घाबरून शोधलं. मला मिळालेले पहिले तीन सल्ले असे होते: पोस्टमास्टरची पीआयडी फाइल पुसा, पीजी_वॉल फोल्डरातल्या फाइली पुसा, जागा अडवतात, आणि काहीच जमलं नाही तर पीजी_रिसेटवॉल चालवा.

हे तिन्ही सल्ले काय करतात ते समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेस कुठलाही बदल मुख्य फाइलींत नेण्याआधी एका रोजकीर्दीत लिहितं. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो, तसंच. ती रोजकीर्द म्हणजे वॉल. लाईट गेली तेव्हा खतावणी अर्धवट राहिली तरी चालतं. सर्व्हर उठला की रोजकीर्द वाचून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतो. त्यालाच वेळ लागत होता. लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की आधीचा शेवट नीट झाला नव्हता आणि दुरुस्ती सुरू आहे. करायचं काय होतं? काही नाही. थांबायचं होतं.

रोजकीर्दीच्या फाइली पुसल्या तर अर्धवट खतावणी अर्धवटच राहते. पीजी_रिसेटवॉल चालवलं तर सर्व्हर उठतो खरा, पण कुठली नोंद आत आली आणि कुठली नाही हे कुणालाच सांगता येत नाही. पोस्टग्रेसची अधिकृत माहिती हे साधन शेवटचा उपाय म्हणून देते. ते वापरलंच तर लगेच सगळा डेटा बाहेर काढा, नवा क्लस्टर तयार करा आणि त्यात तो भरा, असं ती बजावते. लेखातून सल्ला जसाच्या तसा येतो, बजावणी मात्र गळते. आणि पीआयडी फाइल? जुना सर्व्हर खरोखर मेला असेल तर पोस्टग्रेस बहुतेक वेळा स्वतःच ते ओळखतं. तो जिवंत असताना तुम्ही फाइल पुसून दुसरा सुरू केलात, तर एकाच खतावणीत दोन कारकून एकमेकांना न विचारता लिहू लागतात.

इथे पोस्टग्रेस बनवणाऱ्यांना एक श्रेय द्यायला हवं. या रोजकीर्दीच्या फोल्डराचं नाव पूर्वी पीजी_एक्सलॉग होतं, आणि कुठला व्यवहार पुरा झाला याची नोंद ठेवणाऱ्या फोल्डराचं पीजी_क्लॉग. नावात ‘लॉग’ दिसला की लोक समजायचे, ही तर नुसती बडबड, पुसून जागा करू. आणि डेटाबेस गमवायचे. २०१७मध्ये १०वी आवृत्ती आली तेव्हा ही नावं बदलून पीजी_वॉल आणि पीजी_एक्सॅक्ट करण्यात आली. पुसणाऱ्यांना मूर्ख ठरवून मोकळं होता आलं असतं. इथे आधी आपलं नाव चुकलं का ते बघितलं गेलं. चांगल्या संशोधकाच्या प्रश्नावलीत प्रश्न असाच बदलायला हवा.

तर आत्तापर्यंतच्या सगळ्या अडचणी ओरडणाऱ्या होत्या. लाल अक्षरं, बंद सर्व्हर, घाम. खरं सांगायचं तर संशोधनाच्या दृष्टीनं त्या स्वस्त आहेत: वेळ जातो, निष्कर्ष जात नाही. महाग पडतात त्या गप्प अडचणी. आणि हे लेख तुम्हाला नेमकं उलटं वळण लावतात. ओरडणं बंद झालं की काम झालं, हिरवा ठिपका दिसला की पुढे चला.

परत किनाऱ्यावर येऊ.

मराठीत ‘किनाऱ्या’मधला तो अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांक), त्याला हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक न दिसणारं चिन्ह, मग य. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच. मी इनस्क्रिप्ट वापरते, त्यात ऱ ला स्वतःची कळ आहे, म्हणून माझ्याकडून पहिला प्रकार. भावाच्या फोनमधून दुसरा. पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत दोन शब्द समान आहेत का हे बाइट ताडून ठरवतं. बाइट वेगळे, म्हणून शब्द वेगळे, म्हणून माझा किनारा दोनदा. किनाऱ्याजवळच्या होड्यांचं प्रमाण काढलं तेव्हा अर्धे किनारेवाले गणतीबाहेर राहिले होते. आकडा हास्यास्पद नव्हता, तीच भीतीची गोष्ट. तो पटण्यासारखा होता. त्यावर एक परिच्छेद लिहूनही झाला होता माझा!

आता तुम्ही म्हणाल, सामान्यीकरण करायचं. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, त्यानं युनिकोडचे पर्यायी रूप एकसारखे होतात. मीही आनंदानं चालवलं. फरक शून्य. कारण युनिकोडच्या नियमांत र अधिक नुक्ता आणि ऱ हे समतुल्य आहेत, पण जॉइनरवाला प्रकार आणि ऱ हे समतुल्य नाहीत. ते फक्त दिसायला सारखे. शेवटी हातानं करावं लागलं: र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसेल तिथे ऱ, हलन्त. सगळे जॉइनर एका फटक्यात उडवण्याचा मोह झाला होता, पण तसं करू नका. काही ठिकाणी मुद्दाम अर्धं अक्षर दाखवण्यासाठी जॉइनर असतो, आणि ‘किनार्‍या’मधला नुसता उडवला तर ‘किनार्या’ उरतं, म्हणजे तिसरंच काहीतरी.

अनुभवी वाचक इथे हसतील: जागेचा प्रकार मजकूर म्हणून का साठवलास, वेगळा तक्ता करून क्रमांक का नाही दिलेस? मान्य. पण होड्यांच्या नावांचं काय करणार? ती वहीत असतील तशीच घ्यावी लागतात. आयएनडी-एमएचपासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक जुन्या वह्यांत नसतो, नाव हीच ओळख.

आता गंमत बघा. हेच काम मी मायएसक्यूएलमध्ये केलं असतं तर? ८.० आवृत्तीपासून तिथे मूळ कोलेशन, म्हणजे तुलना करण्याचा नियम, आहे यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय. यातलं ‘एआय’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, ‘ॲक्सेंट इन्सेन्सिटिव्ह’. अक्षरावरच्या खुणांकडे दुर्लक्ष. फ्रेंच शब्दांसाठी हे सोयीचं आहे. मराठीत त्याचा परिणाम असा की नुक्ता ही खूण धरली जाते, म्हणून ऱ आणि र समान. आणि जॉइनर तर तुलनेत मोजलाच जात नाही. म्हणजे माझे दोन किनारे तिथे आपोआप एक झाले असते. छान! पण त्याच नियमानं ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’सुद्धा एक झाले असते. समुद्र आणि डोंगरातल्या घळी, एकच. माझी एक मैत्रीण एका जुन्या संस्थानाच्या खर्चाच्या वह्यांवर काम करते. तिनं देणं कुणाला दिलं त्या रकान्यावर ‘युनिक’ची अट घातली होती. ‘आचार्यांना’ आत गेले आणि ‘आचाऱ्यांना’ दारात अडले, एरर १०६२, नोंद आधीच आहे. गुरुजी आणि स्वयंपाकी एका पंगतीत. तिचं नशीब की अट होती म्हणून सर्व्हर ओरडला. अट नसती तर गट करताना दोघांची बेरीज गुपचूप एकत्र झाली असती. शेवटच्या ‘एआय_सीआय’ऐवजी ‘एएस_सीएस’ घेतलं तर ऱ आणि र वेगळे होतात, पण जॉइनर तरीही अदृश्यच. काटेकोर बाइट हवे असतील तर ‘बिन’.

कोण बरोबर? दोघंही. ‘समान म्हणजे काय’ हा प्रश्न तांत्रिक नाही, तो तुमच्या संशोधनाचा आहे. आणि त्याचं उत्तर सर्व्हर बसवताना एका पडद्यावर दिलं जातं, ज्याबद्दल लेखात लिहिलेलं असतं: ‘नेक्स्ट दाबा’.

त्या पडद्यावर तीन गोष्टी ठरतात: एन्कोडिंग, लोकेल, कोलेशन. नेक्स्ट दाबलं की पोस्टग्रेस त्या क्षणी तुमच्या सिस्टिममध्ये जे असेल ते उचलतं. सिस्टिममध्ये ‘सी’ लोकेल असेल तर एन्कोडिंग एसक्यूएल_आस्की होऊ शकतं, म्हणजे सर्व्हरला अक्षर नावाची गोष्टच माहीत नाही, फक्त बाइट. तपासायला सोपी युक्ती सांगते. आपल्या गावाचं नाव घ्या. ‘करंजा’ बोलताना तीन अक्षरं: क, रं, जा. युनिकोडमध्ये पाच, कारण अनुस्वार आणि काना वेगळे मोजले जातात. बाइट पंधरा, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. पोस्टग्रेसला ‘लेंग्थ’ विचारा. ५ आलं तर ठीक, १५ आलं तर थांबा आणि एकही नोंद भरण्याआधी डेटाबेस पुन्हा तयार करा. मायएसक्यूएलला हाच प्रश्न विचाराल तर सगळं ठीक असतानाही १५ येईल, कारण तिथे ‘लेंग्थ’ बाइटच मोजते. तिथे ‘कॅर_लेंग्थ’ विचारायचं. आणि ५.७पर्यंतच्या मायएसक्यूएलमध्ये मूळ मांडणी लॅटिन१ होती, तिच्यात देवनागरी भरली की प्रश्नचिन्हांची रांग मिळते. त्यावर ‘यूटीएफ८ नको, यूटीएफ८एमबी४ वापरा’ हा सल्ला सगळीकडे असतो आणि तो चांगलाच आहे, पण कारण चुकीचं सांगतात. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन-बाइटी यूटीएफ८मध्ये देवनागरी मावते. मावत नाहीत ते इमोजी.

इथे अधिकृत माहितीपुस्तिकेवरही थोडी टीका करायलाच हवी, नाहीतर मी फक्त दुबळ्यांना झोडपतेय असं होईल. पोस्टग्रेसची पुस्तिका उत्तम आहे. सर्व्हर सुरू न होण्याबद्दलचा भाग वाचा: संदेश, त्याचा अर्थ, काय तपासायचं, सरळ भाषेत. सर्व्हरचे संदेशसुद्धा मुख्य वाक्य, तपशील आणि सूचना अशा थरांत लिहिले जातात, आणि तसे लिहायचे नियम पुस्तिकेतच आहेत. पण ती पुस्तिका ज्याला शब्द माहीत आहे त्यालाच उत्तर देते. ‘कोलेशन’ शोधाल तर सगळं मिळेल. ‘एकच शब्द दोनदा का दिसतो’ यासाठी काहीच मिळणार नाही. ज्याची अडचण गप्प आहे त्याला शोधायचा शब्दच नसतो. ती फट हे दहा-मिनिटवाले लेख भरतात, आणि म्हणून ते खपतात. दोष एकट्या त्यांचा नाही.

अशाच गप्प अडचणींपैकी एक मोठी, पटकन सांगते. पोस्टग्रेस बऱ्याचदा शब्दांचा क्रम लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीकडून घेतं. ऑगस्ट २०१८मध्ये तिच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. तुम्ही पोस्टग्रेसला हात लावला नाही, फक्त उबुंटू १८.०४वरून २०.०४ला गेलात, तर जुन्या क्रमानं रचलेले इंडेक्स नव्या क्रमानं वाचले जातात. शब्दकोश जुन्या वर्णक्रमानं लावलेला आणि शोधणारा नवा क्रम शिकलेला. नोंद असते, सापडत नाही. ‘युनिक’ची अट असूनही दुसरी प्रत आत येते. उपाय म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधणं, रीइंडेक्स. १५व्या आवृत्तीपासून सर्व्हर निदान इशारा देतो की कोलेशनची आवृत्ती जुळत नाही. तो इशारा बंद करायची एक कमांडही आहे, आणि ती आधी आणि रीइंडेक्स नंतर (किंवा कधीच नाही) असं सांगणारे लेखही आहेत. इशारा बंद, ठिपका हिरवा.

मग चांगलं लेखन कसं असतं? माझ्या मते या क्षेत्रातला वाचण्यासारखा मजकूर इन्स्टॉलेशनचा लेख नाही, एका अपघाताचा अहवाल आहे. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्यानं दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचा डेटा फोल्डर पुसला. चूक लक्षात येऊन थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपसाठी वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, वेळेला त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. रोजचा पीजी_डंप ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि सर्व्हर होता ९.६, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेल जात होते, पण ते समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला मिळत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास आधी सहज म्हणून हातानं घेतलेल्या एका प्रतीवरून सगळं परत उभं केलं. मधल्या तासांचं काम गेलं.

हे सगळं त्यांनी स्वतः लिहून प्रसिद्ध केलं. अभियंत्याचं नाव नाही, नुसता ‘टीम मेंबर १’. मला त्या अहवालात आवडतं ते हे की त्यात फसलेले प्रयत्नही क्रमानं आहेत: हे करून बघितलं, झालं नाही, म्हणून ते केलं. वाचणाऱ्याला चुकीपर्यंतचा रस्ता दिसतो. थोडा लांबतो, सुधारणांची यादी तर फारच लांबते. पण दहा-मिनिटवाल्या लेखात नेमकं जे गाळलेलं असतं, तेच इथे मुख्य आहे.

आता आपल्या प्रबंधांकडे बघा. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य असतं: ‘संकलित माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये साठवून तिचे विश्लेषण करण्यात आले.’ मी गेल्या वर्षभरात वाचलेल्या प्रबंधांत याच्या पलीकडे काही क्वचितच सापडलं. हा इन्स्टॉलेशनच्या लेखाचाच थोरला भाऊ आहे. सर्व्हर चालू झाला, विश्लेषण झालं, पुढे चला. मी माझ्या मसुद्यात सध्या असं लिहिलंय, परीक्षकांना किती रुचेल माहीत नाही:

‘नोंदी पोस्टग्रेस १५मध्ये, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये ठेवल्या. समानता बाइटवर ठरवली. ऱ च्या दोन लेखनपद्धती एकत्र केल्या; त्याआधीची मूळ नोंद वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवली आहे. ‘करंजा’ या नावानं शोधताना पनवेलजवळचं करंजाडे त्यात येणार नाही याची खबरदारी घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये करंजा पनवेल तालुक्यात येतं आणि आज उरणमध्ये. दोन्ही उल्लेख एकाच गावाशी जोडले आहेत.’

करंजाडेची गोष्ट खरी आहे. ‘करंजापासून सुरू होणारं’ असं मागितलं की सिडकोची अख्खी वसाहत मासेमार होऊन समोर उभी राहते.

याशिवाय एक साधी मजकूर फाइल ठेवते. तारीख, आवृत्ती, जसाच्या तसा एरर, मी काय केलं, काय बदललं. उपाय सापडला नाही तरी लिहायचं. एका नोंदीत असं आहे: ‘नवी आवृत्ती टाकली, सगळा डेटा गायब!! — गायब नाही. नवा क्लस्टर ५४३३ पोर्टवर रिकामा उभा आहे, जुना ५४३२वर सुखरूप. पीजी_एलएसक्लस्टर्स चालवलं की दोन्ही दिसतात.’ त्या दोन उद्गारचिन्हांमागे पाऊण तासाचं रडणं आहे.

आणि बॅकअप घेतला म्हणून सोडून देत नाही, तो दुसऱ्या यंत्रावर उभा करून बघते. पीजी_डंपनं काढलेला बॅकअप भरताना इंडेक्स नव्यानं बांधले जातात, त्यामुळे वरचा जीलिबसीचा घोळही त्यातून निघून जातो. डेटा फोल्डर नुसता उचलून नेला तर निघत नाही.

परवा, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, भावाच्या लॅपटॉपवर तो उभा केला. पुन्हा तोच प्रश्न विचारला, जागा किती आणि कोणत्या. ‘किनाऱ्याजवळ’ एकदाच आलं. ‘खोल समुद्र’ एकदा. ‘खाडी’ दोनदा! भाऊ म्हणाला, आता काय गं ताई? बाइट काढून बघितले. एका खाडीच्या शेवटी एक मोकळी जागा होती.